निघण्याआधीच पोचलेलं विमान

तेव्हा आमच्या रत्नागिरीवरून आठवड्यातून एकदा विमान जायचं, मुंबईहून गोव्याकडे. थांबायचं नाही, नुसतं घरघरत जायचं. पण आम्ही सगळे हातातलं टाकून अंगणात. सासूबाईसुद्धा, पिठाच्या हातांनी!

त्याच सुमारास गुहागरास, माझ्या माहेरी, दादाचं लग्न ठरलं. मी एकुलती बहीण. सासूबाईंनी आठ दिवस दिले, तेही जाणं-येणं धरून. दाभोळपर्यंत आगबोट, मग होडी, मग बैलगाडी. जायचा एक दिवस, यायचा एक. उरले सहा. त्यात लाडू वळायचे कधी आणि करवली म्हणून मिरवायचं कधी? सांगावं कुणाला, हे तर मुंबईला नोकरीत.

मामंजी मास्तरकीतून पेन्शनीत निघालेले. त्यांना माझी दया आली की गणिताची हौस आली, देव जाणे. म्हणाले, "सूनबाई, भावाला कार्ड टाक. सोमवारी विमान आधी तिकडे डोक्यावर येईल, तेव्हा किती वाजले ते कळव म्हणावं. इकडे मी बघतो. मग दाखवू तुझ्या सासूला, गुहागर किती लांब आहे ते!"

दादा तिथल्याच पोस्टात होता. गुरुवारी उत्तर आलं: पोस्टाच्या घड्याळात बरोबर साडेनऊ. मामंजींनी भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: नऊ वाजून अकरा. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

सासूबाई पोट धरून हसल्या. "अहो, इथे आधी पोचलं आणि मग तिकडून निघालं! छान. हिलाही तसंच पाठवते. निघायच्या आधी परत!"

मला रडूच यायचं बाकी होतं.

रात्री जेवता जेवता मामंजींनी कपाळावर हात मारला. "अगं, पोस्टात स्टँडर्ड टाइम! आपलं घड्याळ मुंबई टाइमावर!" तेव्हा दोन्ही वेळा चालायच्या बरं का, आणि मुंबईची एकोणचाळीस मिनिटं मागे. मामंजींनी हट्टाने घड्याळ पुढे केलं नव्हतं. डाव्या हाताच्या बोटांवर हिशेब करून म्हणाले, "आपले नऊ-अकरा ते त्यांचे नऊ-पन्नास. म्हणजे वीस मिनिटं. विमान ताशी शंभरेक मैल धरलं, तर सरळ रेघेत चौतीसेक मैल, बस."

सासूबाईंच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. "आणि आंजर्ल्यापासून?"

आंजर्लं त्यांचं माहेर. मी लग्न होऊन आल्यापासून त्या तिकडे गेलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

"गुहागरापर्यंत आणखी पंधरा मिनिटं," मामंजी म्हणाले. सासूबाईंनी आमटी वाढली.

सकाळी देवाच्या वाती वळताना मला म्हणाल्या, "तुझे आठ दिवस तिकडे पोचल्यावर मोजायचे. येण्या-जाण्याचे वेगळे." मी पाया पडायला वाकले, तर म्हणतात, "थांब. तू दाभोळला उतरशील. मी त्याच बोटीने पुढे हर्णैला जाईन म्हणते. तिथून आंजर्लं जवळ."

मामंजी माजघरातून ओरडले, "आणि माझ्या जेवणाचं काय?"

"वीस मिनिटांत भात होतो," सासूबाई म्हणाल्या. "बसा मोजत!"

मी दहाव्या दिवशी परत आले, तरी भात मामंजीच लावायचे. सासूबाई आल्या महिन्याने. तोवर मामंजींचा भात मोकळा व्हायला लागला होता.