पिशवीतलं जेवण

बाजाराच्या कोपऱ्यावर, चष्म्याचं दुकान आणि शेजारच्या इमारतीचा जिना यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत चावीकाकांची टपरी होती. टपरी कसली, दोन फळ्या, कानशींचा डबा, चाव्या कापायचं यंत्र आणि पाठीमागे भिंतभर टांगलेल्या कोऱ्या चाव्या. गिऱ्हाईक आलं की काका आधी त्याच्या कुलपाकडे बघत, मग त्याच्या तोंडाकडे, आणि बहुतेक वेळा दोघांची लायकी एकदमच ठरवून टाकत.

“हे कुलूप चोराला अडवायला घेतलंत की त्याची करमणूक करायला?”

लोक चिडायचे, पाठ फिरवून जायचे आणि दुसऱ्या दिवशी मुकाट परत यायचे, कारण असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. एक नियम मात्र कडक. कुलूप ज्याचं, त्याने समोर उभं राहून ‘उघडा’ म्हटल्याशिवाय ते हत्यार बाहेर काढत नसत. एका बड्या साहेबांनी त्यांना गाडी पाठवून घरी नेलं होतं. कपाट बायकोचं, बायको माहेरी. काका पाणी प्यायले, कुलूप हलक्या प्रतीचं आहे एवढं साहेबांना सांगितलं आणि चालत परत आले. ही गोष्ट ते भेटेल त्याला ऐकवत, आणि दर खेपेला त्यात साहेबांचा चेहरा आणखी थोडा पडत असे.

अशा माणसाच्या किडन्या बिघडल्या तेव्हा त्याने डॉक्टरांचीही कुलपासारखीच परीक्षा घ्यावी, हे ओघानंच आलं. पण ती वेळ आलीच नाही. घरात आधीच एक डॉक्टर तयार होता.

हा डॉक्टर म्हणजे काकूंचा थोरला भाऊ. औषधांच्या गोदामात उभा जन्म खोकी रचण्यात गेला, आणि खोक्यांवरची नावं वाचून वाचून वैद्यकशास्त्र आपल्या अंगात मुरलं अशी त्याची समजूत झाली. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या सुनेला पथ्य शिकवायला गेला, तिथे डाळ शिजेना, तेव्हा बहिणीच्या घरी वरच्या खोलीत मुक्कामाला आला. काका त्याला तोंडावर दादा म्हणत आणि पाठीमागे ‘अर्धे डॉक्टर’. काकू मात्र दादाच्या शब्दाबाहेर नव्हत्या. वडील लवकर गेले, दादानेच तिला वाढवलं, तिचं लग्न लावलं. साठी ओलांडली तरी तो तिला ‘चिमे’ म्हणायचा आणि तीही चिमीसारखीच मान डोलवायची.

पहिल्यांदा आजार कळला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की किडन्या दमल्या आहेत, त्यांच्यावर भार नको, अंडी, मटण, मासळी बेताने खा. तेवढं एक वाक्य अर्ध्या डॉक्टरांनी पोटाशी धरलं. घरातून अंडी हद्दपार झाली. “प्रथिनं म्हणजे भावोजींना विष,” असं ते दूधवाल्यालासुद्धा थांबवून सांगू लागले.

पुढे किडन्यांनी कामच सोडलं आणि डायलिसिस सुरू झालं. एक दिवसाआड चार-चार तास यंत्राशेजारच्या खुर्चीत पडून राहायचं. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सगळं उलटं सांगितलं. आता यंत्र रक्त धुतं आहे. घाणीबरोबर ते थोडं पोषणही वाहून नेतं. म्हणून आता प्रथिनं भरपूर खायची, पाणी आणि मीठ तेवढं मोजून. हे त्यांनी सांगितलं सोबत आलेल्या अर्ध्या डॉक्टरांना. ते घरी पोचेपर्यंत वाक्याचं रूप पालटलं.

“काय म्हणाल्या रे दादा, डॉक्टरीणबाई?” काकूंनी विचारलं.

“पथ्य चालू ठेवा म्हणाल्या. जरा काहीतरी नवीन खूळ सांगत होत्या, पण ही पोरं आज एक बोलतात, उद्या दुसरं. पहिलं सांगितलेलं खरं.”

काकांनी हे ऐकलं. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं. पण ते एवढंच म्हणाले, “दादा, तुम्ही गोदामात असताना माणसं औषधं खाऊन मेली की खोकी अंगावर पडून?” काकू नेहमीप्रमाणे कानाआड करून भांडी घासायला गेल्या. जन्मभर टोमणे मारणाऱ्या माणसाची हीच गत होते. तो खरं बोलला तरी घरच्यांना वाटतं, आज नवीन टोमणा आहे. शिवाय खरी गोष्ट अशी होती की काकांना भूक उरली नव्हती. अन्न समोर आलं की तोंडात लोखंडाची चव यायची. मेहुण्याची खिल्ली उडवणं अंडं गिळण्यापेक्षा कितीतरी सोपं होतं.

तर काका मऊ भात आणि उकडलेला भोपळा खात राहिले आणि सुकत गेले. कानशिलाशी खळगे पडले. दंडाचं मांस ओघळलं. टपरी बंद पडली, कारण कानस दोनदा फिरवली की हात थरथरायचा. आणि अर्धे डॉक्टर खुशीत होते! का, तर वजनाचा काटा हलला नव्हता.

“बघ चिमे, वजन जसंच्या तसं. पथ्याचा गुण.”

काटा हलेल कसा? जेवढं मांस झडत होतं तेवढं पाणी अंगात साठत होतं. माणूस आतून रिकामा होऊन पाण्याने भरत होता आणि मेहुणा काट्याकडे बघून मिशीला पीळ देत होता.

शेवटी रक्ताच्या तपासणीत अल्ब्युमिन हे प्रथिन तळाला गेलेलं दिसलं, तेव्हा डॉक्टरीणबाई स्वतः खुर्चीपाशी आल्या. पिण्याची प्रथिनं देऊन झाली होती, ती काकांनी उलटून टाकली होती. “आता यंत्र चालू असतानाच शिरेतून पोषण देऊ,” त्या म्हणाल्या. सिस्टरने एक मोठी कप्प्याकप्प्यांची पिशवी आणली, टेबलावर ठेवून पोळी लाटावी तशी तळहातांनी दाबली; आतले पडदे फुटले आणि सगळं मिळून दुधासारखं पांढरं झालं. यंत्रातून शरीरात परत जाणाऱ्या रक्ताच्या नळीला तिने ती जोडली.

“यात काय आहे?” काकांनी विचारलं.

“अमिनो आम्लं. म्हणजे प्रथिनाची माळ तोडून सुटे केलेले मणी. शिवाय साखर आणि तेल. पोटाला त्रास नाही, थेट रक्तात.”

“म्हणजे दार उघडत नाही म्हणून खिडकीतून सामान आत टाकायचं.”

“अगदी बरोबर. पण काका, खिडकीतून अख्खा संसार आत जात नाही. हा नुसता हातभार आहे. दार उघडावंच लागेल. खाल्लं नाहीत तर ही पिशवी एकटी तुम्हाला वाचवू शकणार नाही.”

अर्धे डॉक्टर शेजारीच उभे होते. त्यांनी यातलं ‘थेट रक्तात’ एवढंच उचललं.

त्या दिवसापासून घरात नवा कायदा आला. पिशवी लागली त्या दिवशी भावोजींचं जेवण झालेलं आहे, सबब घरी काही द्यायचं नाही. “एकीकडून शिरेतून प्रथिनं, दुसरीकडून तोंडातून! किडनी फुटेल ना त्यांची!”

“फुटायला शिल्लक कुठाय?” काका म्हणाले.

त्यातच काकूंनी, नवऱ्याचे हाल बघवेनात म्हणून, चोरून थोडी अंडी आणली. अर्ध्या डॉक्टरांना ती सापडली. त्यांनी अंडी, दूध पावडर, प्रथिनांचा डबा, सगळं स्वयंपाकघरातल्या कपाटात कोंबलं, बाजारातून कोयंडा-कुलूप आणलं आणि कपाटाला ठोकलं. कुलूपवाल्याच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत.

काका खुर्चीतून उठून भिंतीला धरत धरत आले आणि कुलपाकडे बघत राहिले. पितळेचा नुसता रंग दिलेला पत्रा.

“दादा, हे तुम्ही विकत घेतलंत? की पावावर फुकट मिळालं?”

“बोला, बोला. तुमच्या जिवासाठीच आहे.”

“जिवाचं राहू द्या. कुणी बघितलं तर माझ्या धंद्याची अब्रू जाईल.”

काकूंनी दबक्या आवाजात सुचवलं, “अहो, तुम्हाला काय अवघड आहे? उघडा की.”

“ज्याने लावलं त्याने सांगितलंय का?”

“अहो, पण भूक...”

“मी चोरून खाणारा माणूस नाही.”

धन्य तो बाणा! घर स्वतःचं, स्वयंपाकघर बायकोचं, अंडी स्वतःच्या पैशाची, आणि हा गृहस्थ नियमाला धरून उपाशी बसला. बड्या साहेबाला नकार देताना जो तोरा चालला, तो मरणाला चालत नसतो. पण एका घरात दोन हट्टी पुरुष असले की त्यांच्या कचाट्यात सापडलेल्या बाईला भांडी घासण्यापलीकडे उद्योग उरत नाही.

मग अर्ध्या डॉक्टरांच्या मुलीला बाळ झालं आणि ते चार दिवसांसाठी तिच्याकडे गेले. मुलीला खाण्यापिण्याबद्दल मार्गदर्शन करायला, दुसरं कशाला? किल्ली खिशात घालून गेले. त्यामुळे काकांना दवाखान्यात न्यायची पाळी पहिल्यांदाच काकूंवर आली.

काका खुर्चीत पडले, यंत्र सुरू झालं, पांढरी पिशवी ठिबकू लागली. डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी काकांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. ओल्या मातीत पडावा तसा खड्डा तिथेच राहिला.

“हे काय?” काकू घाबरल्या.

“पाणी. यांचं वजन टिकलेलं नाही, काकू. मांस गेलंय आणि त्याच्या जागी पाणी भरलंय. आता आम्ही ते हळूहळू काढतोय, तेव्हा काटा खाली येईल. घरी रोज काय खातात?”

“मऊ भात. भोपळा. आणि पिशवीच्या दिवशी काही नाही.”

“काही नाही? मी तर प्रत्येक वेळी सांगत आलेय, अंडी द्या, कोंबडी द्या, मासे द्या! पिशवी चालू आहे म्हणून तर जास्त द्या! ते सोबत येतात ते गृहस्थ तुम्हाला सांगत नाहीत?”

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलत होतो की. रोज.”

“ते बोलणं नव्हे,” काकू म्हणाल्या. “ती तुमची जिभेची खाज. सरळ एकदा म्हणाला असतात, ‘अगं, मी मरतोय, मला खायला घाल,’ तर दादाला मी जिन्यावरून खाली पाठवला असता.”

एवढा मोठा टोला काकांना आयुष्यात कुणी दिला नव्हता. सिस्टर उगाचच नळी नीट करू लागली.

घरी आल्यावर काकू तडक कपाटासमोर उभ्या राहिल्या. “उघडा.”

“दुकानात अंडी मिळतात की.”

“मिळतात. पण मला हेच कपाट उघडायचंय. कपाट माझं, स्वयंपाकघर माझं, आणि समोर उभी राहून सांगतेय मी. अजून कुठला नियम राहिलाय?”

काकांनी हत्यारांची पिशवी मागवली. वाकडी तार निवडली. कुलपात घातली. पोराटोरांनी केसांच्या पिनेने उघडावं असलं ते कुलूप. काकांचा अंगठा तारेवर टेकला आणि थरथरू लागला. त्यांनी दात आवळले, पुन्हा तार लावली. तार निसटून जमिनीवर पडली. तिसऱ्यांदा ती उचलायलाही त्यांना काकू लागल्या. रंग दिलेला तो पत्रा तसाच लोंबकळत होता.

काका तिथेच जमिनीवर बसले. त्यांच्या तोंडून एकही टोमणा निघाला नाही, आणि काकूंना पहिल्यांदाच खरी भीती वाटली.

“सांगा,” त्या म्हणाल्या. “मला सांगा कसं करायचं ते.”

काका खाकरून म्हणाले, “कुलपाला हात लावू नकोस. कोयंड्याचे स्क्रू बाहेरूनच आहेत. ज्या गाढवाने बसवला त्याला तेवढीही अक्कल नव्हती. पेचकस घे. तो नव्हे. मोठा. उलटा फिरव... अगं उलटा! चाळीस वर्षं माझ्या घरात राहून उलटा म्हणजे कुठे ते कळत नाही?”

“चाळीस वर्षं सगळं उलटंच बघतेय, म्हणून गोंधळ होतो.”

कोयंडा कुलपासकट खाली आला. काकूंनी अंडी उकडली.

चार दिवसांनी अर्धे डॉक्टर परतले ते थेट वजनकाट्यापाशी. काकांना त्यांनी उभं केलं आणि काटा बघून ओरडले, “उतरलं! बघ चिमे, उतरलं वजन! कपाट फोडलंत, अंडी घातलीत, हा परिणाम! मी नसलो की असं होतं!”

“दादा, ते पाणी होतं,” काकू म्हणाल्या.

“तुला कुणी सांगितलं?”

“त्या बाईंनी. तू मला न सांगितलेलं सगळं सांगितलं. आता दवाखान्यात मी जाणार. तू वर खोलीत राहा, दोन वेळा जेवायला ये, आणि ताटात पडेल ते न बोलता खा.”

अर्ध्या डॉक्टरांनी काकांकडे आधारासाठी बघितलं. पुरुषाला पुरुषच समजून घेईल अशी काहीतरी आशा असावी. काका म्हणाले, “दादा, अंड्याचा पांढरा भाग तुम्हीही खात जा. डोक्याच्या आतली जागा भरते.”

मेहुणे पाय आपटत वर गेले. जेवायच्या वेळेला मात्र बरोबर खाली आले.

काकांना एवढ्याने लगेच बळ आलं नाही. पिशवी चालूच होती, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हाताला धार यायला महिने लागतील, आणि येईलच असंही नाही. भूकही परतली नव्हती. काकूंनी पुढे सरकवलेल्या ताटलीतलं अंडं त्यांनी उचललं, हलक्या कुलपाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि तोंडात टाकलं.

“खडू,” ते म्हणाले. “निव्वळ खडू.”

“मग खडू समजून गिळा.”

काकांनी तोंड वाकडं केलं, गिळलं, आणि दुसऱ्या अंड्याला हात घातला.