तीन देशांचे डॉक्टर

लातूर-नांदेड एसटीत मी मोबाईलवर बातमी बघत होते. कुठल्याशा देशात भूकंप झाला होता आणि दहा देशांची विमानं मदत घेऊन तिथं उतरली होती. शेजारच्या म्हातारीने बिनदिक्कत मोबाईलमध्ये डोकं घालून सगळी बातमी पाहिली. ती शेंगा फोडून न विचारता दाणे माझ्या हातावर ठेवत होती आणि टरफलं माझ्या अंगावरून खिडकीबाहेर फेकत होती.

“आमच्या भूकंपालाबी लई देश आलते,” ती म्हणाली. “एकानं लोकरीचे जाड कोट धाडले. आमी म्हशीवर घातले. म्हैस खूश.”

“आणि डॉक्टर, मावशी?”

“तीन देशांचे आले. तिघांनीबी माझाच हात तपासला. पट्टी सोडायची, बघायचं, पुन्हा बांधायची.”

“असं का?”

“माझा तंबू रस्त्याच्या कडंला. गाडी थांबली की पयली मीच दिसायची. शेजारीण मागच्या तंबूत पडलेली, पाय चेंदून. तिकडं कुणीच जाईना.”

इतके देश येतात म्हणजे कुणी कुठं जायचं याची यादी घेऊन वर कुणीतरी बसलेलं असणार, अशी माझी आजवर समजूत होती.

“मग?”

“मग काय बाई, तिसऱ्याची बाही धरली अन् वढत नेला. तो त्याच्या भाषेत वरडायला, मी माझ्या.”

“शेजारीण वाचली?”

“हाव, वाचली की! परवाच कोंबडीवरून भांडली माझ्याशी.”