विमलबाईंची अट

मिरजगावजवळच्या त्या मुलींच्या वसतिगृहात विमलबाई साळवे एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. वसतिगृह काढलं होतं गावातल्या बौद्ध मंडळींच्या ट्रस्टने, शेजारीच विहार. मुली मात्र सगळ्या समाजाच्या. दसरा झाला की आईबाप ऊसतोडीला जातात, त्यांच्यामागे लेकींनी शाळा सोडून उसाच्या फडात जाऊ नये, एवढ्यासाठीच ते उभं राहिलं होतं. विमलबाई स्वतः फडातच वाढलेल्या. तिसरीनंतर पाटी सुटली आणि काखेत धाकटा भाऊ आला. वाचायला त्या शिकल्या ते इथेच, मुली मोठ्याने धडे म्हणत असताना भाजी निवडता निवडता.

या वर्षी जूनमध्ये पुण्याहून एक सल्लागार आले. दिवसभर कार्यशाळा झाली आणि ट्रस्टला नवं ध्येयवाक्य मिळालं: ‘धम्ममूल्ये, शिस्त व दर्जेदार शिक्षणातून आदर्श विद्यार्थिनी घडवणे.’ त्याखाली प्रत्येक कर्मचाऱ्याने निष्ठेची सही करायची होती. वॉचमनने केली, कारकुनाने केली. विमलबाईंनी कागद दोनदा वाचला.

“मॅडम, ह्यात तोडीवाल्यांच्या पोरी कुठं हायेत?” त्यांनी अधीक्षिका भारतीमॅडमना विचारलं.

“विमलमावशी, ‘विद्यार्थिनी’ म्हटलं की सगळ्याच आल्या.”

“सगळ्याच आल्या म्हंजी कुनाचंच नाव न्हाई.”

त्यांनी सही केली नाही. मॅडमनी कागद कपाटात ठेवला. त्यांना वाटलं, होईल राग शांत. पण विमलबाईंना राग नव्हताच. ध्येयवाक्याबरोबर एक नियमही आला होता, तो त्यांना खुपत होता: एकतीस जुलैनंतर प्रवेश बंद. तोडीवाला माणूस जुलैत कुठला कागद काढतो? मुकादमाची गाडी दारात उभी राहते तेव्हाच तो लेकीचा विचार करतो.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी तसंच झालं. अजिनाथ नावाचा तोडणी कामगार दोन मुलींना घेऊन फाटकात आला. रस्त्यावर सामानाने भरलेला टेम्पो थांबलेला. कारकुनाने त्याला नियम दाखवला. विमलबाई पिठाचे हात तसेच घेऊन धावत बाहेर आल्या, तोवर टेम्पो हलला होता. थोरली रोहिणी मागच्या फळीला धरून उभी होती, पाठीवर दप्तर.

रविवारी विहारात विश्वस्तांची बैठक होती. विमलबाई धुतलेलं पातळ नेसून तिथे गेल्या. “जयभीम” म्हणाल्या आणि खाली न बसता उभ्याच राहिल्या.

ट्रस्टचे सचिव सोपानराव निवृत्त हेडमास्तर. ते म्हणाले, “बाई, सगळ्यांनी सह्या केल्या. तुमचीच निष्ठा कमी पडली का?”

“गुरुजी, निष्ठा हाय म्हनून तर आले. नसती तर गपगुमान सही केली असती अन् भाकरी थापत बसले असते. दोन लेकी दारातनं माघारी गेल्या. आपन विहाराशेजारी राहतो अन् करुणा फाटकाच्या आत ठेवतो, हे मला जमायचं न्हाई.”

“नियम सगळ्यांसाठी सारखा असतो.”

“मंग मला काढा. पन काढायचं कारन लिवून द्या: तोडीवाल्यांच्या पोरींसाठी भांडली म्हनून.”

तेव्हा भारतीमॅडम हळूच म्हणाल्या, “सर, यंदा सोळा खाटा रिकाम्या आहेत. मीच हे आधी सांगायला हवं होतं.”

वाद तासभर चालला. सोपानराव सहजासहजी मानणारे नव्हते. अखेर ठरलं: तोडीवाल्यांच्या मुलींना दिवाळीनंतरही प्रवेश, आणि ध्येयवाक्यात त्यांचा स्पष्ट उल्लेख. विमलबाईंना मात्र बैठकीत न बोलावता आल्याबद्दल लेखी समज मिळाली. त्यांनी ती घेतली आणि नव्या ध्येयवाक्याखाली वळणदार नसलेली, पण ठसठशीत सही केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली आणि एसटीने राहात्याकडे निघाल्या. अजिनाथची टोळी तिकडच्या फडात उतरल्याचं मुकादमाकडून कळलं होतं. दुपारी त्या टोळीच्या कोप्यांपाशी, पाचटाच्या झोपड्यांपाशी, पोचल्या. रोहिणी दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होती. धाकटी पाण्याची कळशी ओढत होती.

अजिनाथ कोयता टेकवून म्हणाला, “तुमीच माघारी लावलं ना? आता कशाला आलाव?”

“चुकलं आमचं,” विमलबाई म्हणाल्या. “ते सांगायलाच आले.”

अजिनाथने कोयता पुन्हा उचलला. “हिच्या आईला एकटीला सैपाक-पानी उरकायचं न्हाई.”

तेवढ्यात मोळी टाकून त्याची बायको पुढे आली. “उरकंल मला,” ती म्हणाली. “रोहिणे, ऊठ. कापडं गोळा कर.”

रोहिणीने तव्यावरची भाकरी उलटली, ती पुरती भाजू दिली आणि मगच उठली.