तांब्याभर पाण्याची बारव

हातभर लांबीचा दगड घडवायला घेतला, तर कपच्या किती निघतात? घमेली भरतात! किश्श्यांचंही तसंच, कुणी झाडायला घेत नाही म्हणून साचत जातात. मी लग्नाचे फोटो काढणारा माणूस. नांदेडला सुधाकर सरांच्या शेडवर त्यांच्या शिल्पांचे फोटो काढायला एक दिवसासाठी गेलो, त्याला आता सात वर्षं झाली. दर रविवारी तिथंच पडीक असतो. बायको म्हणते, "तिथंच एखादा चबुतरा बघून बसा!"

सर कॉलेजात शिल्पकला शिकवतात. जुनी देवळं, लेणी, बारवा बघत हिंडायचं आणि त्यातून काळ्या दगडात आपलं नवंच काही घडवायचं, हे त्यांचं वेड. जोडीला गंगाराममामा. देगलूरकडचे पाथरवट, सगळं आयुष्य पाटा-वरवंटा आणि जातं घडवण्यात गेलेलं.

*

मामा दगड बघून घेत नाहीत, ऐकून घेतात. हातोडीनं ठोकायचा आणि कान लावायचा. एकदा खाणीवर सरांना एक दगड भलताच आवडला. मामांनी ठोकला.

"मुका हाय. नका घेऊ."

सरांनी घेतलाच! दोन महिने राबून त्यातून देवळाचा निम्मा खांब बाहेर काढला, आणि एका सकाळी छिन्नी लागताच दगड उभा चिरला. सर डोकं धरून बसले. मला वाटलं, आता मामा ऐकवणार. मामांनी चहाचे कप आणून त्या तुकड्यावर मांडले आणि म्हणाले, "टेबल लई ब्येस झाला, सर."

आजही आम्ही त्यावरच चहा पितो.

*

होट्टल गावच्या जुन्या देवळात सर मंडपात उताणे पडून छतावरचं कोरीवकाम बघत होते. अर्धा तास हलेनात, तेव्हा राखणदार पाण्याची बाटली घेऊन धावत आला.

"काय झालं सर? चक्कर आली का?"

"हाव. वर बघा, तुम्हालाबी येईल!"

राखणदारानं टोपी काढली आणि शेजारी आडवा झाला.

"आयला! इतकी वर्षं खालीच बघून झाडून राहिलो की मी!"

आता तो येईल त्या पाहुण्याला सांगतो, "आधी आडवे व्हा."

*

शेडच्या अंगणात सरांनी नुसती दाराची दगडी चौकट उभी केली होती. ना भिंत, ना देऊळ. उमरीचे एक शेतकरी, मामांच्या ओळखीचे, बघायला आले.

"सर, हे अर्धंच राहिलं की. आत देव न्हाई."

"तुम्ही आलात कुठून?"

"ह्यातूनच की."

"मग वाकलात कशाला? तुमच्याहून दोन हात उंच आहे ती!"

पाहुणे वळून चौकटीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आता पुरी वाटून राहिली."

*

सरांना एक गोष्ट मात्र सलत होती. मामा आपल्या जात्याच्या बुडाला स्वतःची खूण कोरतात. दोन रेघा, मध्ये टिंब. बापाची, आज्याचीही हीच खूण. जातं उलटं केल्याशिवाय ती कुणाला दिसत नाही, आणि मनासारखं न उतरलेल्या कामावर मामा ती करत नाहीत. सरांच्या एकाही शिल्पावर ती नव्हती. एकदा सरांनी विचारलंच, "मामा, माझ्या कामावर कधी करणार?"

"जात्यातून पीठ पडतं, ते मला कळतं. तुमचं काम कळत न्हाई, सर. न कळणाऱ्या कामावर बापाची खूण कशी करू?"

सर हसले, पण त्या दिवशी त्यांचा चहा तसाच राहिला. त्यात मामांचे डोळे अधू होत चाललेले. लातूरच्या एका कॉलेजचं काम तेवढं संपवतो आणि लेकीकडं राहायला जातो, असं त्यांनी सांगून टाकलं.

ते काम म्हणजे एक बारव, पायऱ्यांची विहीर. एकाच दगडात चारी बाजूंनी उतरत गेलेल्या पायऱ्या आणि तळाशी छोटासा खड्डा. इतकी देखणी, की बघताना माझं बोट आपोआप पायऱ्या उतरायचं! कॉलेजातून क्लार्कचा फोन आला, "सर, बारव म्हणालात ना? टँकर किती लिटरचा सांगू?"

"तांब्याभर पुरे!"

शेवटी दगड आडवा करून बूड सपाट करायचं राहिलं. मामा म्हणाले, "बूड मी करतो. तुम्ही चहा पिऊन या." आम्ही परतलो तोवर मामांनी चेनपुलीनं दगड सरळ करून फळ्यांवर बसवलाही होता.

लातूरला फळ्या सोडल्या आणि क्रेननं बारव उचलली. चौथऱ्यावर येताच सर खालून लेव्हल बघायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"सोडू का?" क्रेनवाला ओरडला.

"थांब! तसाच वर धर!"

काही मोडलं की काय म्हणून मी धावलो, वाकून बघितलं. दोन रेघा, मध्ये टिंब. सरांचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगतो, मला फोटो काढायचं सुचलंच नाही.

मामा पलीकडे तंबाखू मळत उभे होते.

"ओ सर, बाजूला व्हा! खाली काय बघून राहिले? काम वर हाय!"