नागोरावांचा नमुना

अपेक्षा मूळची हिंगोलीकडची. वडील नागोराव वीस वर्षांपूर्वी पुण्यात आले, एका वर्कशॉपात लेथवर लागले आणि खडकीला दोन खोल्यांत संसार मांडला. त्यांना आकडी यायची. सातवीत असताना अपेक्षानं त्यांना भर बाजारात, भाजीच्या पाट्यांवर कोसळताना पाहिलं होतं. रसायनशास्त्रात पीएच.डी.चा विषय निवडताना म्हणूनच तिला फार विचार करावा लागला नाही. आकडीचं औषध शरीरात किती आहे, हे रक्त न काढता लाळेच्या थेंबावरून सांगणारी पट्टी तिला बनवायची होती.

कार्बनच्या बोटभर पट्टीवर ती ग्राफीन, म्हणजे कार्बनचाच अणूइतका पातळ थर, आणि सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवायची. औषध तिथे पोचलं की वीजप्रवाह वाढायचा आणि संगणकावर टेकडीसारखा उंचवटा उमटायचा. औषध मिसळलेल्या पाण्यात पट्टी चोख चालली. मग तिनं बाबांची लाळ डबीत भरून नेली. ‘रोज दोन गोळ्या घेतो,’ असं लिहून त्यांनी कौतुकानं सही केली होती.

उंचवटा आलाच नाही.

पाच महिने ती पट्ट्या मोडत आणि नव्यानं बनवत राहिली. मार्गदर्शक अस्मिता मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, “जी पट्टी घरच्या माणसावर चालत नाही, ती दवाखान्यात जाऊन काय दिवे लावणार?” परिषदेतलं तिचं सादरीकरण प्रयोगशाळेतल्या सहकारी वरदला मिळालं. त्या संध्याकाळी ती भरल्या ताटावर रडली. समोर बाबा होते. “होईल गं पोरी,” म्हणाले आणि भात कालवत राहिले.

शेवटी तिनं बाबांच्याच लाळेत मोजून औषध टाकलं. उंचवटा लगेच आला, अगदी हवा तेवढा. पट्टी ठीक होती. लाळेत औषधच नव्हतं.

घरी पोचल्यावर चपला न काढताच तिनं विचारलं, “बाबा, गोळ्या कधीपासून बंद आहेत?”

उत्तर आईनं, गोदाबाईनं दिलं. “वर्ष झालं. गोळीनं झापड यायची. लेथवर बोटं गेली असती त्यांची.”

“तुला माहीत होतं?”

“तुला कशाला घोर, म्हणून...”

“मी रडले तेव्हाही नाही सांगितलंत!”

“तू कामावर जाऊ दिलं नसतंस,” नागोराव पुटपुटले.

ते खरं होतं. पण पाच महिने तिनं स्वतःच्या हातांवर, स्वतःच्या अकलेवर संशय घेतला होता आणि ही दोघं समोर बसून बघत होती. गोदाबाईनं पाठीवर ठेवलेला हात तिनं झटकला.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना सगळं सांगितलं. नमुना बाद झाला. परिषद तर होऊनच गेली होती. मग तिनं बाबांना डॉक्टरांकडे नेलं. झोप न आणणारं दुसरं औषध मिळालं, वर्कशॉपानं त्यांना लेथवरून काढून तपासणीच्या टेबलावर बसवलं. पट्टीही पुढे दवाखान्यातल्या रुग्णांवर नीट चालली.

अपेक्षानं मात्र सदाशिव पेठेत मैत्रिणींबरोबर खोली घेतली. रविवारी ती खडकीला जाते, जेवते, तब्येत विचारते. “बरा आहे,” बाबा म्हणतात. ती आईकडे बघते. आईही मान डोलावते. अपेक्षाला दोघांचंही खरं वाटत नाही.