सुनंदाचे सहा तास

सुनंदा बोरसे नारळ फोडण्यापूर्वी साबणाने धुते. गॅसचा सिलिंडर अंगणात न्हाऊ घातल्याशिवाय तिच्या घरात येत नाही. दिवाळीला मी तिला नवी छत्री दिली, तर तासाभरात ती धुऊन, उघडून दोरीवर टांगलेली होती. कंपनीच्या बसमध्ये ती आधी आपल्या सीटवर ओलं फडकं फिरवते आणि मग बसते. शेजारच्या बाईची सीटही न विचारता पुसते, म्हणून तिच्याशेजारी बसायला बायका भांडतात.

गेली चार वर्षं ती सिल्वासात किलवणी नाक्याजवळ माझ्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहते. सोबत नवरा दत्तात्रय आणि तीन वर्षांची जुई. दोघंही शहाद्याकडची. दत्तात्रय राखोलीच्या एका सूत कंपनीत फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची गाडी, चालवतो, सुनंदा तिथेच पॅकिंगला होती.

डिसेंबरमध्ये कंपनीने ठरवलं, बायकांनाही फोर्कलिफ्ट शिकवायची. बावीस जणींतून तिघी निवडल्या. सुनंदा पहिली, कारण चाचणीत गाडी चालू करण्याआधी आरसा पुसणारी ती एकटीच होती. शिकवणी तीन महिन्यांची, परीक्षा मार्चअखेर. अट एकच: मध्ये दिवस राहिले तर गाडीवरून उतरायचं आणि पुन्हा पॅकिंगला. पुढची तुकडी कधी निघेल, ते कुणी सांगत नव्हतं.

"घरात मी एकटा डायवर होतो तेच बरं होतं," दत्तात्रय म्हणाला.

"तुमच्या गाडीला हातबी लावत नाही मी," सुनंदा म्हणाली. "तिच्यावर केवढी धूळ असते!"

८ फेब्रुवारीला, गुरुवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी चार वाजता ती माझ्याकडे आली. पदराखालून तिने एक घडी घातलेला कागद काढला.

"आजी, तुम्ही कॉन्व्हेंटच्या. एवढं वाचून द्या. अक्षर मुंगीएवढं आहे, तेबी इंग्रजी."

मी चष्म्यावर भिंग धरलं. योनीमार्गात ठेवायच्या गोळीचा तो कागद होता. पुरुषाचे शुक्रजंतू मारणारी, फेस होणारी गोळी. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी सुनंदाला उलट्या व्हायच्या, गर्भाशयात बसवायच्या तांबीची भीती वाटायची, म्हणून मेडिकलवाल्याला हळूच विचारून तिने या आणल्या होत्या. मला घाम फुटला. शाळेत शरीरशास्त्र शिकवताना आमच्या सिस्टरनी गळ्यापासून थेट गुडघ्यावर उडी मारली होती. मधला भाग मी स्वतःच्या हिमतीवर शिकले.

"हात स्वच्छ धुवावेत," मी वाचलं.

"ते सांगायला लागतं का?" सुनंदा खूश झाली.

"गोळी बोटाने शक्य तितकी आत ठेवावी. मग विरघळेपर्यंत दहा मिनिटं थांबावं."

"थांबतो. हे तोवर मोबाइल बघतात."

"परिणाम एक तासच राहतो. तास उलटला तर नवी गोळी. दर वेळी नवी गोळी."

सुनंदाने बोटं मोजली. "एकदा क्रिकेटची शेवटची ओव्हर होती. पण तास नसंल झाला."

"संबंधानंतर निदान सहा तास आतून धुऊ नये."

मी कागदावरून नजर वर केली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"किती तास?"

"सहा. अंगावरून आंघोळ चालते. आत पाणी घालायचं नाही. औषध वाहून जातं."

"वं माय!" ती मटकन खाली बसली. "सहा तास तर मी चहाचं भांडंबी ठेवत नाही!"

मग कळलं ते असं. महिनाभर ती गोळी वापरत होती आणि प्रत्येक वेळी पाच मिनिटांत न्हाणीत जाऊन सगळं खळखळ धुऊन टाकत होती.

"शेवटचं कधी?" मी विचारलं. असला प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारला नव्हता.

"परवा. मंगळवारी."

मी आरोग्य केंद्रातल्या मंजुषा सिस्टरला फोन लावला. "तशाच या, आत्ता," ती म्हणाली. जुईला दत्तात्रयकडे सोपवायला गेलो, तर तोच चपला घालून तयार. "काय झालं ते कळलं नाही, पण चूक माझीच असंल," म्हणत जुईला कडेवर घेऊन तो मागोमाग आला.

मंजुषाने सगळं नीट ऐकून घेतलं. मंगळवारपासून बहात्तर तास उलटले नव्हते, म्हणून तिने तातडीची गोळी दिली आणि समोरच घ्यायला लावली. "ही जितकी लवकर, तितकी चांगली. पण महिनाभराच्या चुका ती पुसत नाही, आणि रोजच्या वापराची नाही. पाळी चार दिवस मागेपुढे होईल. आठवडाभर वर गेली तर तपासणी करू. आणि बाई, आतून धुवायचंच कशाला? शरीर ती जागा स्वतः साफ ठेवतं."

"स्वतः?" सुनंदाला हे पटलेलं दिसलं नाही. "नीट करतं का पण?"

"तुझ्यापेक्षा नीट. आग, खाज होते का?"

"थोडी होते. मला वाटलं, औषध काम करतंय."

"तर मग आग पूर्ण थांबेपर्यंत ही गोळी बंद, तोवर निरोधच. आणि गोळ्या ठेवल्या कुठे आहेत?"

"शेगडीवरच्या फळीवर. जुईचा हात पुरत नाही."

"तिथे वितळतात त्या. थंड, कोरड्या जागी ठेवायच्या असतात." मंजुषा दत्तात्रयकडे वळली. "भाऊ, नुसती ही गोळी तशी कच्चीच. भरवसा नाही. रोगांपासून तर काहीच बचाव नाही. पुढे वापरली तरी सोबत निरोध हवाच. तुम्ही फोर्कलिफ्टवर बेल्ट लावता ना?"

"लावतो."

"मग हॉर्न वाजवायचं सोडता का?"

"दोन्ही लागतं," दत्तात्रय भिंतीवरच्या पोलिओच्या पोस्टरकडे बघत म्हणाला. निरोधाचं पाकीट मात्र त्याने जुईच्या फ्रॉकच्या खिशात घातलं. बाहेर येईपर्यंत तिने ते दोन शिपायांना दाखवलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. पाळीची तारीख होती १६ फेब्रुवारी. सुनंदा रोज राखोलीला जाऊन मालाच्या लाकडी पॅलेट उचलायला शिकत होती आणि रोज संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन नुसती मान हलवत होती. १६ गेली. १७ गेली. १८ला ती म्हणाली, "आजी, आज पहिल्यांदा तिसऱ्या थरावर माल ठेवला. एक खोकंबी हललं नाही. आता उतरवतील का वं मला?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला चहा दिला.

२० तारखेला पहाटे पावणेसहाला मागच्या अंगणातून हाक आली. "आजी! आली! आली!" समोरच्या छायाबाई खिडकीत आल्या. "कोण आलं गं एवढ्या सकाळी?"

"पाहुणी!" सुनंदा ओरडली आणि आत पळाली.

संध्याकाळी दत्तात्रय पेढे घेऊन गल्लीत फिरला. छायाबाईंनी पेढा हातात धरूनच विचारलं, "काय, मुलगा होणार की मुलगी?"

"काहीच नाही," दत्तात्रय म्हणाला.

"मग पेढे कसले?"

"काहीच नाही त्याचेच!"

छायाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पेढा तोंडात घातला, म्हणजे बोलावं लागू नये.

पुढच्या आठवड्यात सुनंदा आपण होऊन मंजुषाकडे गेली. तासभर शंका विचारून, तांबीची सगळी माहिती दोनदा ऐकून, तिने ती बसवून घेतली. मार्चअखेर ती परीक्षा पास झाली. आता दत्तात्रय पहिल्या पाळीला आणि ती दुसऱ्या पाळीला एकच गाडी चालवतात. तीन वाजता गेटपाशी चावी हातातून हातात जाते.

"सीट पुढं ओढून ठेवतेस तू," तो रोज म्हणतो. "सकाळी माझे गुडघे स्टीअरिंगला लागतात."

"मग मागं ओढा," ती चावी घेत म्हणते. "माझे पाय पोचायला पाहिजेत आधी."