नदीपलीकडची कुसाल

अमेरिकेत, ट्रॉय शहरात आमच्या शेजारी घानाचे एक गृहस्थ राहायचे. त्यांची मातृभाषा कुसाल, खुद्द घानातही थोड्याच लोकांची. २००५ साली आमच्याच अपार्टमेंटमध्ये त्यांच्या भागातला एक इंजिनिअर राहायला आला. तोही कुसाल बोलणारा. मला वाटलं, आता हे दोघं पोटभर बोलतील. पण लॉन्ड्री रूममध्ये बघते तर दोघांचं इंग्लिश चाललेलं.

मी कारण विचारलं, तर शेजारी तोंड वाकडं करून म्हणाले, "तो आमच्याकडच्या नदीच्या पश्चिमेकडचा. त्यांची कुसाल वेगळीच असते. कानाला खटकते."

माझं डोकंच फिरलं. "अहो, अख्ख्या गावात तुम्ही दोघंच! त्यात कसली नदी घेऊन बसलात?"

ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही रविवारी मराठीचा वर्ग घेता ना? त्यातली सगळी मुलं एकसारखं बोलतात?"

माझ्या वर्गात नागपूरकडच्या घरातली सहा वर्षांची एक मुलगी होती. आईसारखंच वऱ्हाडी वळणाचं, भरभरून बोलायची. मी पडले पुण्याची. सगळ्यांसमोर तिला थांबवायचे, "असं नाही, शुद्ध बोल," म्हणायचे आणि वाक्य पुन्हा म्हणायला लावायचे. बाकीची मुलं हसायची. मीही कधीकधी हसले असेन.

हे त्यांना सांगताना माझा आवाज आपोआप खाली गेला.

"मग आता कशी बोलते ती?" त्यांनी विचारलं.

"इंग्लिश," मी म्हटलं. "एकदम शुद्ध."